गमते का?

मी आज चालता-बोलता आहे तो आमच्या घरमालक काकाजींमुळे, हे आधी सांगतो. काय झालं होतं ते नंतर, कारण ते मला अजून नीट कळलेलं नाही. काकाजींच्या मते अख्ख्या दिग्रसमध्ये आजवर एकही माणूस सर्दीने शिंकलेला नाही. त्यांनी तीस वर्षं एका दवाखान्यात कंपाउंडरकी केली, खिडकीतून गुलाबी औषधाच्या बाटल्या दिल्या. "डॉक्टरले लोक दुखणं सांगत, अन् खिडकीवर मले त्याचं कारण," असं ते म्हणतात. शेजारच्या मास्तरीणबाई गुडघा दाखवायला आल्या, तर गुडघ्याकडे न बघताच म्हणाले, "गुडघा नाही सुजला बाई, जावेवरचा राग सुजला." बाई तणतणत गेल्या, जावेशी बोलल्या आणि सूज उतरली. आता बाई गुपचूप मलमही चोळत होत्या, तेव्हा गुण कशाचा ते मला ठरवता आलं नाही. उलट लग्न मोडलं म्हणून रडत आलेल्या एका पोराला त्यांनी इसबगोल दिला. "एकडाव पोट साफ होऊ दे, मंग सांगजो ते पोरगी किती आठवते." म्हणजे दुखणं घेऊन जा, ते मनाचं विचारणार, मन घेऊन जा, ते पोटाचं विचारणार. मी आठवीत शाळा सोडलेला, माझा गोंधळ व्हायचाच. पण चांगले शिकलेलेही त्यांच्या ओट्यावरून डोकं खाजवतच उतरतात.

मी मूळचा चिपळूणकडचा. इथल्या कापसाच्या जिनिंगमध्ये मशिनी दुरुस्त करायला आलो आणि काकाजींच्या मागच्या खोलीत राहिलो. रोज सकाळी मी दात घासत असताना ते विचारत, "काय बापू, गमते का?" मला वाटे, काय गंमतजंमत, असंच काहीतरी विचारत असावेत. मी फेसाळ तोंडाने हसून मान हलवायचो. गंमत कसली! छातीत डावीकडे कळ यायला लागली होती, आणि माझे वडील अशाच कळेने गेले. कधी वाटे, कापसाची तूस आत जाऊन बसली. कधी वाटे, इकडचं तिखट बाधलं. आणि बहुतेक वेळा वाटे, आपलाही नंबर लागला. आईला सांगावं तर ती तिकडे झुरणार, काम सोडून जावं तर परत कोण घेणार? शेवटी एका दुपारी पिशवी भरली, ओट्यापर्यंत आलो आणि घामाने भिजून खालीच बसलो. काकाजींनी मनगट धरलं.

"काय रे, गमते का?"

मी ओरडलोच, "गंमत नाही हो, काकाजी!"

"गमत नाही?" त्यांचे डोळे चमकले. "मंग पह्यलेच सांगाचं नं, लेका! दोन महिन्यापासून इचारून राह्यलो तुले!"

पण "आधी मशीन, मंग मन," म्हणत त्यांनी मला आटोत घातलं. गमणं म्हणजे इकडे करमणं, हे मला आटोवाल्याने वाटेत समजावलं. म्हणजे मी चुकून खरं उत्तर दिलं होतं! दवाखान्यात छातीला वायरी लावल्या, कागदाची लांब पट्टी निघाली, डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे. काकाजींनी ती पट्टी उलटी धरून वाचली आणि एका टोकावर बोट ठेवलं. "हे पाह्य. इथं तुले माय आठवली." मी हसलो, आणि मग मला रडू आवरेना.

त्यांनी औषध दिलं ते असं: रोज संध्याकाळी एसटी स्टँडपर्यंत चालत जायचं, पुण्याकडची गाडी सुटताना बघायची, तीत बसायचं नाही, आणि परत येऊन आईला फोनवर जे असेल ते खरं सांगायचं. सोबतीला काकाजी स्वतः. महिन्याभरात कळ गेली. चालण्याने गेली, आईशी बोलण्याने गेली, की गाडी सोडून देण्याने? काकाजींना विचारलं. म्हणाले, "बाटली हलवून घेतली का मंग कोणतं औषध वर अन् कोणतं खाली, कोण पाह्यते?"

गेल्या आठवड्यात त्यांना ताप होता, म्हणून मी एकटाच स्टँडवर गेलो. चहावाला म्हणाला, "आज काकाजी नाही आले? पोरगी पुण्याले गेली तवापासून एक दिवस चुकला नाही त्याईचा."

तेव्हा मला आठवलं. माझी सुटणारी गाडी गेली तरी ते लगेच निघत नसत. कधी चपलेत खडा गेला म्हणत, कधी चहा सांगत, आणि पुण्याहून येणाऱ्या गाडीतून शेवटचा माणूस उतरेपर्यंत तिकडे बघत राहत. मी आपला समजत होतो, पेशंट एकटा मीच.

घरी आलो. ते खाटेवर डावा खांदा चोळत पडले होते. तो खांदा कित्येक वर्षांपासून दुखतो, विचारलं की म्हणतात, "हवा लागली." साऱ्या गावाच्या गुडघ्यांत जावा आणि सासवा शोधणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या खांद्याला मात्र नुसती हवा लागते! मी त्यांचं मनगट धरलं, ताप उतरला होता. तो शब्द अगदी ओठांवर आला. पण वडीलधाऱ्या माणसाला विचारावं कसं, म्हणून पाणी देऊन परत आलो.

पण काकाजी, एक दिवस मी विचारणार आहे, गमते का. तुम्ही "हवा लागली" म्हणाल, तरी मनगट सोडणार नाही.