कोरडा दगड

मंगळवारी माझी पत्नी सुधा गेली. रविवारी तिच्या विज्ञानवर्गाची मुलं नेहमीच्या वेळी आली. वर्ग बंद आहे, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

टेबलावर तिनं काढून ठेवलेला राखाडी दगड होता. मी तिच्या वहीतून वाचू लागलो. हे प्रवाळ. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ, उबदार समुद्रात इवले जीव एकमेकांना चिकटून राहत. प्रत्येक जण स्वतःभोवती चुन्याची वाटी बांधी. जीव मेले, वाट्या राहिल्या आणि त्यांचा दगड झाला.

"काका, तुम्ही बातम्या दिल्यासारखं वाचताय," गार्गी म्हणाली. "काकू आधी दगड ओला करायच्या."

मी पाणी आणलं. दगड भिजताच त्यावर चांदण्यांची दाट नक्षी उमटली. मुलं डोकी जुळवून पाहत राहिली. मला काहीच वाटलं नाही. इतकी वर्षं घरात असलेला हा दगड मी कोरडाच पाहिला होता, एवढं लक्षात आलं.

"पुढच्या रविवारी येऊ?"

"या."

मुलं गेली. दगड वाळला, नक्षी दिसेनाशी झाली. टेबलावर दगड आहे, आणि वहीची बरीच पानं वाचायची आहेत.