आमच्या सोसायटीचा वड

आयुष्यात मी एकाच माणसाचं डोकं फोडलं, ते आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचं. त्याचा पश्चात्ताप व्हायला संध्याकाळ व्हावी लागली.

ऐंशीचं दशक सरताना आम्ही बाळकुमला नव्या इमारतीत राहायला गेलो. बिल्डरने पुढच्या मोकळ्या जागेत हिरवळ आणि शोभेची झाडं लावलेली. टँकरचं पाणी पिऊनही ती उन्हाळ्यात वाळून जायची. मी नौपाड्यात शाळेत विज्ञान शिकवायचे, त्यामुळे गप्प बसणं जमेना. दर रविवारी गच्चीवर बायकांना जमवून सांगायचे, हिरवळ काढा, इथल्या मातीत तगणारी झाडं लावा. सगळ्यांनी मिळून करंज लावले, पालापाचोळा जाळायचं बंद करून तो खड्ड्यात कुजवला. गेटजवळ एक वड लावला. त्याचं रोप दारावर मासळी विकायला येणाऱ्या कोळीणमावशींनी दिलेलं. सहा वर्षं मी तो राखला. शेळ्यांना दगड मारले, पानं ओरबाडणाऱ्या पोरांच्या पाठीत धपाटे घातले. एकाच्या आईशी वर्षभर अबोला होता.

वटपौर्णिमा आली की स्टेशनबाहेर तोडलेल्या फांद्यांचे ढीग लागायचे आणि माझं पित्त खवळायचं. त्या वर्षी गच्चीवर मी तावातावाने सांगितलं, "फांद्या विकत घेऊ नका. त्यासाठी झाडं बोडकी करतात. आपला वड दारात आहे ना." बायकांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकले.

पौर्णिमेला अर्धी रजा टाकून साडेनऊला परतले. गेटजवळ गुडघ्याएवढा बुंधा उरला होता आणि त्यातून पांढरा चीक गळत होता. माळी कोयत्याने फांद्यांचे तुकडे करत होता. सेक्रेटरी यादी बघून घरटी एक फांदी वाटत होते.

"हे काय केलंत?"

"बाई, तुम्हीच म्हणालात ना, विकत घेऊ नका, आपला वड आहे म्हणून. चिखलात कोण फेऱ्या मारणार? घरपोच देतोय."

शाबासकी मिळेल असं त्यांना वाटत होतं. मी मनगटाएवढी एक फांदी उचलली आणि त्यांच्या कपाळावर हाणली. दुसरा फटका खांद्यावर बसला. भुवईवरून रक्त शर्टावर आलं. माळी कोयता टाकून पळाला. तिसराही फटका बसला असता, पण चिकाने हात बुळबुळीत झाले होते, फांदी निसटली.

घरी सासूबाईंनी पाटावर फांदी मांडून ठेवलेली. "तुझ्यासाठी मुद्दाम जाडशी मागून घेतली हो," म्हणाल्या. त्यांच्यावरही हात उचलावासा वाटला, खोटं कशाला बोलू.

दुपारी कोळीणमावशी आल्या. बुंधा बघितला, माझा अवतार बघितला. "रडतेस कशाला गो? वडाची जाडी फांदी मातीत खोचली तर जीव धरते. गोला कर सगल्या."

पोरांना कलमं शिकवणाऱ्या मला हे सुचलं नव्हतं. संध्याकाळी मी, लावायला फांद्या परत द्या म्हणत, दारोदार फिरले. बायका साखळी न काढता फटीतून बघायच्या आणि दार लावून घ्यायच्या. शेवटचं दार सेक्रेटरींचं होतं. त्यांच्या बायकोने आतून एक फांदी आणली. मी मारलेली तीच, सालीवर रक्त सुकलेलं.

"पोलिसांना दाखवायला ठेवलेली," त्या म्हणाल्या. "घ्या. मारायच्या आधी हे सांगितलं असतंत, तर सगळ्यांनी दिल्या असत्या."

मला माफी मागायची होती. त्यांनी दार लावून घेतलं होतं.

दोनच फांद्या मिळाल्या. घरची कुंपणाजवळ लावली, दुसरी पाण्याच्या टाकीजवळ. पुन्हा भांडण नको म्हणून कमिटीने बुंधा मुळासकट उपटून टाकला. घरची फांदी वाळली. टाकीजवळच्या फांदीला श्रावणात लाल कोंब फुटला.

पाऊस सरल्यावर सेक्रेटरी रोज सकाळी बादली घेऊन तिला पाणी घालायला लागले. कपाळावरचा व्रण वरून दिसायचा. मी खिडकीच्या पडद्याआडून बघायचे. ते वर गेले की मगच मी खाली उतरायचे.