मधोमध धरलेला आवाज

मुलांनो, संपाच्या काळात लालबागला एक गिरणी कामगार फुटपाथवर रेडिओ दुरुस्त करत बसे. मी गेले तेव्हा तो मागांच्या खडखडाटाने बहिऱ्या झालेल्या वडिलांसाठी श्रवणयंत्र जुळवत होता. मला म्हणाला, “यंत्रातल्या या इवल्याशा ट्रान्झिस्टरला व्होल्टेज कमी पडलं तर तो बंद, जास्त झालं तर सताड उघडा. आवाज वाढवायचा तर मधोमध धरायचा.”

मीटर बघत त्याने तो मधोमध आणला, यंत्र वडिलांच्या कानात घातलं आणि ओरडला, “बाबा!”

“आवाज फाटतोय रे!” ते दचकले.

पुन्हा मीटर, पुन्हा आरोळी.

“अरे, ओरडतोस कशाला?” म्हातारा वैतागला.

तो थबकला. त्यांच्या घरात हळू बोलायची सवयच मोडली होती. मग हलकेच म्हणाला, “बाबा, जेवलात?”

वडिलांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

“तुझा आवाज तुझ्या आईसारखा आहे रे,” म्हणाले.