आबांनी निवडलेलं बेअरिंग

आबा बहिरे होते. जन्मापासून नव्हे. सोलापूरच्या एका गिरणीत मागांवर त्यांची उभी हयात गेली, त्या खडखडाटानं कान नेले. मागाच्या खात्यातले सगळेच एकमेकांचे ओठ वाचून बोलायचे, तीच रीत आमच्या घरात आली. आई भांडताना नुसते ओठ हलवायची. आबांचा आवाज मात्र त्यांना स्वतःलाच ऐकू येत नसल्यानं गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. शेजाऱ्यांना आमचं भांडण कायम निम्मंच कळलं.

कान गेले तरी यंत्राचं दुखणं आबांना कळायचं. चालत्या मागाच्या चौकटीवर तळहात ठेवला की कुठं काय ढिलं झालंय ते सांगायचे. फारच बारीक गोष्ट असली तर वाकून जबडा टेकवायचे. म्हणायचे, "कान गेलं म्हणून काय झालं? हाडाला ऐकू येतंय की."

सत्तर सालानंतरची गोष्ट. गिरणीतून निवृत्त झाल्यावर आबांनी लष्करानं मोडीत काढलेली एक जुनी जीप घेतली. मंगळवेढ्याकडं आमची ज्वारीची जमीन होती. एसटी फाट्यावर सोडायची, पुढं काळ्या रानातून पाय ओढत जायचं. आईच्यानं ते होत नव्हतं. जीप तिच्यासाठी घेतली, हे आबा कधी बोलले नाहीत, पण घेतली तिच्यासाठीच. चालवायचो मी. तेव्हा नुकताच सरकारी कचेरीत चिकटलो होतो, इस्त्रीचा शर्ट घालत होतो.

त्या हिवाळ्यात पुढचं डावं चाक खरखरायला लागलं. आबांनी जॅक लावून चाक उचललं, हलवून बघितलं, म्हणाले, बेअरिंग गेलंय. हुरड्याला जायच्या आधी बदलायचं ठरलं.

स्पेअर पार्टच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. काउंटरवरच्या माणसानं दोन बेअरिंगं पुढं ठेवली. एक फाटक्या खोक्यातलं, घट्ट पिवळ्या ग्रीसनं माखलेलं, किती वर्षं फळीवर पडून होतं कोण जाणे. दुसरं कोऱ्या खोक्यात, चांदीसारखं चकचकीत. आबांनी दोन्ही पुसली. एकेक बेअरिंग जबड्याला दाबून धरलं आणि डोळे मिटून हळूहळू फिरवलं. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती.

"काका, फोन लावलाय का कुणाला?" काउंटरवाला म्हणाला. सगळे हसले. मीसुद्धा हसलो. आबांचे डोळे मिटलेले होते.

डोळे उघडून त्यांनी फाटक्या खोक्यातलं पुढं सरकवलं आणि गरजले, "ह्येच बांध! त्ये दुसरं चमकतंय नुसतं. आत खडा हाय त्याच्या!"

रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्यांना बाहेर जीपपाशी जायला खुणावलं. ते गेले.

"जुना स्टॉक आहे तो, साहेब," काउंटरवाला हळूच म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाचं मन राखायचं, माल आपल्या पसंतीनं न्यायचा."

किंमत दोन्हीची सारखीच होती, म्हणजे ती सबबही मला नाही. त्यानं मला साहेब म्हटलं, तेवढं पुरलं. मी चकचकीत घेतलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये ते बसवून जीप घरी आणली. आबा ओसरीवरच उभे होते. "माझंच बसवलंस न्हवं?"

मी ओठ हलवले. "तुमचंच."

हुरड्याला निघालो. आबा माझ्या शेजारी, आई मागच्या बाकावर, मांडीवर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा धरून. निम्म्याहून जास्त रस्ता सरल्यावर आबांनी चप्पल काढून पाऊल पत्र्यावर दाबलं. मग वाकून पुढच्या दांडीला जबडा टेकवला.

"डावं चाक बोलतंय रं," ते म्हणाले.

मी त्यांच्याकडं वळून काहीतरी बोलायला हवं होतं. समोर बघत राहिलो.

आबाच पुन्हा म्हणाले, "न्हाय न्हाय. ते मी निवडलंय. ते आसं करायचं न्हाय. रस्ताच खराब हाय ह्यो." आणि पाऊल परत चपलेत घातलं.

थोड्याच वेळात चाक जाम झालं. स्टिअरिंग हातातून हिसकलं गेलं आणि जीप चारीत जाऊन आडवी झाली. आबांना आणि मला खरचटण्यावर भागलं. आई बाहेर फेकली गेली होती. तिच्या खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय आखूड राहिला. पुढं आयुष्यभर ती भिंतीला हात लावत चालली.

आबांनी त्या चाकातून तुटलेले रोलर वेचून टॉवेलात बांधून आणले होते. आई दवाखान्यातून घरी आली त्या दिवशी त्यांनी तिच्या पायाशी बसून स्वतःच्या तोंडात मारून घेतली. "माझ्या हाडानं दगा दिला," म्हणाले. आईनं त्यांचा हात धरला. मी दारात उभा होतो. ओठ हलवायचे होते, एवढंच. मी पाणी आणायला आत गेलो.

त्यानंतर आबांनी कुठल्या यंत्राला हात लावला नाही. शेजारच्या मागवाल्यांनी बोलावलं तर खाली बघत सांगायचे, "मला न्हाय कळत आता." तो गल्लीभर जाणारा आवाजही हळूहळू विझला. आई ओसरीवरून चालायला लागली की ते भिंतीकडं तोंड करून बसायचे.

मी त्याच दुकानात पुन्हा गेलो. फाटकं खोकं अजून फळीवरच होतं. ते बसवलं आणि जीप रानावनातून कशीही हाणली तरी त्या चाकानं कधी हूं केलं नाही. आबा तिच्यात परत बसले नाहीत. शेवटी वळसंगच्या एकानं ती विकत घेतली. चाक फिरवून बघत म्हणाला, "बेअरिंग लई झ्याक हाय की, कुणी निवडलं?" आबा ओसरीवरच होते. मी पाठ फिरवून बोललो, माझे ओठ त्यांना दिसू नयेत म्हणून. "वडिलांनी," म्हणालो.

शेवटी आबांना मोतीबिंदूनं दिसेनासं झालं. ओठ वाचणंही गेलं. मग ते बोलणाऱ्याच्या जबड्यावर तळहात ठेवायचे आणि सावकाश बोललेलं बरंचसं ओळखायचे. एका दुपारी मी त्यांच्या खाटेवर बसलो. आई आत निजली होती. त्यांचा हात उचलून मी माझ्या जबड्याला लावला. बोटं तशीच होती, खरबरीत, हलकी.

"बोल," ते म्हणाले.

तोंड उघडलं. जबडा थरथरत होता आणि तो त्यांच्या तळहाताला लागत होता. त्यांनी मान तिरपी केली, डोळे मिटले, त्या दिवशी दुकानात मिटले होते तसेच.

"काय रं? काय झालंय?"

"चहा घेता का," मी म्हणालो.

त्यांनी हात लगेच काढला नाही. थोडा वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "कर. साखर कमी घाल."