गोफणवाल्या राजावर जळताना

वेस्ट विंडसरला आमच्या घराजवळच्या लायब्ररीत एक निवृत्त प्राध्यापक दर गुरुवारी प्राचीन हिब्रू धर्मकथा शिकवायचे. विषय होता, त्या काळचा आदर्श पुरुष. बायकोने नाव घातलं आणि आमच्या घरात तीन हजार वर्षांपूर्वीचा एक परपुरुष राहायला आला.

हा बाबा आधी मेंढपाळ, मग राजा. गोफणीच्या एका दगडात ताडमाड योद्धा आडवा केलेला. सिंहाला दाढी धरून मारलेलं. वर देखणा, वीणा वाजवणारा, आणि मित्र गेला तर चारचौघांत ढसाढसा रडणारा!

"लढायचंही, गायचंही आणि रडायचंही. पुरुष म्हणजे त्यांच्याकडे हे सगळं," डिशवॉशर लावता लावता बायको म्हणाली.

मी असा जळालो की स्मोक अलार्म कसा वाजला नाही, देव जाणे. गेल्या हिवाळ्यात मी एकट्याने ड्राइव्हवेवरचा कमरेइतका बर्फ उपसला होता. कंबर हत्तीची धरा. तेव्हा ही काय म्हणाली? "पाठ जप."

तेवढ्यात कोर्सच्या पुढच्या भागाची ईमेल आमच्या दोघांच्या सामायिक अकाउंटवर आली. खाली बटण होतं. मी तिची जागा कॅन्सल केली आणि ईमेलही उडवली.

मग ऑफिसात लंचला बसून राजाची कुंडली काढली. सापडलं! गच्चीवरून दुसऱ्याची बायको अंघोळ करताना पाहिली, बोलावून घेतली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मरायला पुढे धाडलं. जेवताना मी ही बातमी श्रीखंडासारखी वाढली.

"हा बघ तुझा आदर्श!"

"माहितीये. झालं ते वर्गात," ती म्हणाली. "पण एका साधुपुरुषाने हे पाप तोंडावर सांगितल्यावर त्याने कारणं दिली नाहीत. सरळ म्हणाला, चुकलो. तुझ्याकडून बारा वर्षांत 'चुकलं असेल तर' एवढंच ऐकलंय मी. बरं, पुढच्या भागाची ईमेल कशी नाही आली रे अजून?"

सिंह परवडला असता.

"आली होती. मी कॅन्सल केलं."

"का?"

"जळलो."

"कोणावर?"

"राजावर."

ती हसली नाही. "मग?" एवढंच म्हणाली.

"चुकलो," मी म्हणालो.

"हं. चुकलो म्हटल्यावर राजालाही शिक्षा झालीच होती. ते पान नाही वाचलंस वाटतं."

मी तिथेच लॅपटॉप उघडून तिचं नाव परत घातलं. वेटिंग लिस्टवर सतरावी.