पायाखालचा ठोकळा

मुलाने घेतलेली गाडी इतकी बुटकी आहे की तिच्यात बसणं म्हणजे पाटावर बसल्यासारखं. बसायला काही नाही, उठायला माणूस लागतो. माझे गुडघे गेलेत, पण हे मी घरात कोणाला बोललो नाही. भांडुपच्या कारखान्याची कामगारांची बस मी एकतीस वर्षं चालवली. असल्या माणसाने गाडीतून उतरायला हात मागायचा म्हणजे काय?

माझी शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी अक्षरं सुटी सुटी येतात, जोडायला वेळ लागतो. या गाडीत गिअरच्या शेजारी एक गोल खटका आहे. तो फिरवला की पडद्यावर चार शब्द एकामागून एक उजळतात. इको म्हणजे पेट्रोल वाचवायचं, नॉर्मल म्हणजे रोजचं, स्पोर्ट म्हणजे पळवायचं. चौथं आपल्या पसंतीचं. इंजिनाची ओढ किती, स्टिअरिंग जड की हलकं, सगळं आपण ठरवायचं. माझ्यासाठी मात्र ते मुलाने ठरवलं होतं.

त्याला कारण झालं सोसायटीचं गेट. गणपतीच्या आधी मी गाडी स्पोर्टवर टाकली आणि पायाचा अंदाज चुकला. गाडीने उडी मारली आणि गेटचा आडवा दांडा मोडला. वॉचमनने दांडा लवकर खाली घेतला असं माझं म्हणणं होतं, आजही आहे. मुलगा भांडला नाही. त्याने मला वेगळी चावी दिली. त्या चावीने गाडी चालू केली की स्पोर्ट हा शब्द राखाडी दिसतो. खटका कितीही फिरवा, उजळत नाही. ॲक्सिलरेटर दाबला तर गाडी विचार करून निघते. स्टिअरिंग असं हलकं की हातात काही आहे असं वाटतच नाही. आणि तेही फक्त रविवारी, तो शेजारी असला तरच.

एका रविवारी आम्ही दोघं मुलुंडहून बोरीवलीला निघालो. बायको आठवडाभर मुलीकडे राहायला गेली होती, तिला आणायचं होतं. पवईला गाड्या तुंबल्या. मी मधल्या रांगेत होतो. ब्रेक दाबून उभा राहिलो आणि इंजिन बंद पडलं.

माझ्या हातात इंजिन बंद पडत नाही. चिखलात नाही पडलं, भरलेली बस चढावर घेताना नाही पडलं. कानात एकदम शांतता आणि मला घाम फुटला. तेवढ्यात पुढची रांग हलली. मी घाईने चालू करायचं बटण दाबलं, तर पडदाही काळा झाला.

"बाबा, काय केलंत? ती उभी राहिली की आपोआप बंद होते. ब्रेकवरचा पाय काढला की चालू. आता तुम्ही खरंच बंद केलीत!"

"मग हे सांगायचं कोणी?"

"तीनदा सांगितलंय."

मागे हॉर्नचा कल्ला. एक रिक्षावाला बाजूला घासून आला, वाकून म्हणाला, "काय काका, विमान आहे ना हे? मग उडवा की!"

"उतरा बाबा, मी घेतो," मुलगा म्हणाला.

उतरायचं म्हणजे त्याने मला हाताला धरून उपसायचं आणि मग मी सगळ्यांच्या देखत बॉनेटला वळसा घालून पलीकडे जाऊन बसायचं. मी पट्ट्याला हातही लावला नाही.

"नाही उतरत."

त्याने एकेक सांगत माझ्याकडूनच गाडी चालू करून घेतली. तोवर पुढची जागा दोन रिक्षांनी खाल्ली होती. मागे टँकर, दोन्ही बाजूंना आरशाला आरसा. आता उतरतो म्हटलं असतं तरी दार उघडलं नसतं. वीतभर पुढे, परत ब्रेक. गुडघे छातीशी आलेले.

"माझ्या पायाला कुलूप लावलंस तू," मी म्हणालो.

तो काचेबाहेर बघत होता. "ठोकळा आठवतो?"

आठवतो. त्याला गाडी शिकवताना कारखान्याच्या जुन्या जीपमध्ये ॲक्सिलरेटरखाली मी लाकडी ठोकळा तारेने बांधला होता. कितीही दाबा, जीप पळायचीच नाही. त्याच्या वर्गातले सायकलवरून पुढे जायचे आणि वळून हात करायचे.

"मी एकदा तरी काढा म्हटलं?"

"म्हणूनच राहिला. मागितलं असतंस तर काढला असता."

हे बोललो आणि माझं मलाच कळलं की वाट लागली. कारण आता तो माझ्याकडे बघत होता. मी मागतोय का, याची वाट बघत होता. जोगेश्वरी गेली, गोरेगाव गेलं, कांदिवली गेली. मी काही मागितलं नाही.

मुलीच्या बिल्डिंगखाली गाडी लावली. तो उतरून माझ्या बाजूला आला, दार उघडलं, हात पुढे केला. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो.

"आधी ठोकळा काढ."

"आधी उतरा तर."

"आधी काढ. मागतोय मी. ऐकलंस ना?"

वरून बायकोचा आवाज आला, "अहो, गाडीतच मुक्काम आहे का? चहा निवला!"

 त्याने खिशातून स्वतःची चावी काढली, माझ्या अंगावरून आत वाकला आणि पडद्यावर त्या चौथ्या शब्दाची यादी उघडली.

"स्टिअरिंग?"

"जड."

"सिग्नलला बंद होणं?"

"काढून टाक ते."

"इंजिन?"

"पूर्ण."

तो मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. "अर्धं. आणि स्पोर्ट नाही."

भांडणार होतो. पण जीपचा तो ठोकळा मीही एकदम काढला नव्हता. आधी करवतीने अर्धा कापून परत बांधला होता, त्याला न सांगता. त्याला कळलं नसेल असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. पायाला कळलं असणार.

"अर्धं तर अर्धं," म्हणालो आणि हात वर केला. त्याने ओढून काढलं.

स्पोर्ट अजून राखाडीच आहे. दर रविवारी खटका तिथपर्यंत फिरवून बघतो.