दत्तारामाचा डावा हात

दत्ताराम वालावलच्या खाडीत पर्यटकांची होडी चालवतो. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा बोटासारखा लांब, तीन पेरांचा. लहानपणी पोरं चिडवायची, तेव्हापासून चार माणसांत तो हात खिशात.

त्याच्या मुलाची, सुदेशची, बायको किशोरी बाळंत झाली. मुलीच्या डाव्या हाताला अंगठाच नव्हता. बारशाला घर बायकांनी भरलेलं असताना दत्ताराम, ती पोटुशी असताना लागलेल्या ग्रहणाचं निमित्त काढून, सुनेवर कडाडला, “गिराणात भाजी चिरलंस, म्हणान ह्यां झालां!”

त्याला स्वतःचा अंगठा आठवला नाही असं नाही. आठवला, म्हणूनच तो मोठ्याने बोलला. किशोरी दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन बांद्याला माहेरी गेली.

दोन महिन्यांत बाळाला दूध पिताना धाप लागू लागली. हृदयात भोक निघालं. डॉक्टरीणबाईंनी बाळाचा हात पाहिला आणि घरच्या सगळ्यांना बोलावून घेतलं.

“हात दाखवा,” त्या म्हणाल्या. दत्तारामाने उजवा पुढे केला.

“आजोबा, दुसरा?”

किशोरीसमोर त्याला तो खिशातून काढावा लागला.

रक्ताचे अहवाल आले तेव्हा बाईंनी समजावलं, “टी-बॉक्स नावाचं प्रथिनांचं एक कुटुंब आहे. त्या सगळ्यांत एक भाग सारखा असतो. तो डीएनएवर जाऊन बसतो आणि कुठलं जनुक चालू, कुठलं बंद, ते ठरवतो. त्यातलं एक प्रथिन गर्भात हातही घडवतं आणि हृदयही. त्याच्याच जनुकात तुमच्याकडे बिघाड आहे. आजोबा, तो तुमच्याकडून सुदेशला आला. त्याला त्रास नाही, पण त्याच्याकडून तो मुलीला गेला. सुनेचा दोष नाही, ग्रहणाचाही नाही.”

सुदेश बापाकडे बघेना. दत्तारामाला वाटलं, जमीन फाटून पोटात घेईल तर बरं.

आठवड्याने तो एकटा बांद्याला गेला. “चुकलंय गो,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“हयसर माज्या कानात सांगू नकात,” किशोरी म्हणाली. “बारशाक होत्यो त्या बायकांका सांगा.”

तो घरोघरी गेला. दारात उभा राहून डावा हात उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, “ह्यां माज्याकडसून इलां. किशोरीचो दोष नाय.” एकीने पदराआड हसून घेतलं. एका म्हातारीने दारच लावलं. घरी येऊन तो जेवला नाही.

ऑपरेशन नीट झालं. किशोरी परत आली. त्याला वेळेवर वाढते, बोलते मात्र कामापुरतंच. परवा तिने बाळाला त्याच्या मांडीवर ठेवलं. “धरा वायच, माका भात उतरूचो आसा.”

त्याने धरलं. ती परत येईपर्यंत त्याची मान खालीच होती.